विळी, घडीची : खिळा आणि पात्याचा ढिलेपणा

विळी, घडीची : बसून भाजी-मासळी चिरण्याचे, पाते पाटावर दुमडता येणारे हत्यार. कोकणात तिला मोरळीही म्हणतात. पेण-रोहा भागात नारळ रोजच्या जेवणातला, त्यामुळे टोकाला खवणी असलेली विळी घरोघरी असते.

रचना : लाकडी पाटावर स्क्रूने बसवलेली लोखंडी बैठक, तिच्या दोन उभ्या पाकळ्या, त्यांच्यामध्ये पात्याचा बुंधा आणि तिन्हींतून आरपार गेलेला खिळा किंवा नट-बोल्ट. पाते उभे केले की बुंध्याची टाच बैठकीला टेकून थांबते. चिरणारी व्यक्ती पायाने पाट दाबून जिन्नस धारेवर पुढे ढकलते. हा जोर पाते उघडण्याच्याच दिशेने लागत असल्याने विळीला वेगळी कळ लागत नाही. खिशातल्या चाकूच्या पाठीवरही दाब येऊ शकतो. म्हणून त्याला स्प्रिंग किंवा कळ देतात.

ढिलेपणाचे प्रकार : पाते पुढेमागे हलत असेल, तर खिळ्याचे भोक लांबट झालेले असते किंवा टाच झिजलेली असते. आडवे डुलत असेल, तर पाकळ्यांत फट पडलेली असते. ही फट फक्त ०.१ मिमी आणि पाकळी १० मिमी उंच असेल, तरी २०० मिमी लांबीच्या पात्याचे टोक सुमारे २ मिमी डुलते. पाकळी ३० मिमी उंच केली, की हेच डुलणे १ मिमीच्या आत येते. भाजी चिरताना ते फारसे जाणवत नाही. पण खोबरे खवताना वाटी फिरते, जोर बाजूने लागतो आणि खवणी थरथरते.

हवामानाचा परिणाम : पावसाळ्यात पाट फुगतो, उन्हाळ्यात आकसतो आणि बैठकीचे स्क्रू सैल होतात. फ्रान्समध्ये १८९० पासून बनणाऱ्या ओपिनेल चाकूची लाकडी मूठही ओलीने फुगते आणि पाते तिच्यात अडकते. पेणच्या खारेपाटातील खारट दमट हवेत खिळाही लवकर गंजतो.

दुरुस्ती : एका हाताने बैठक धरून पाते हलवावे. बैठकही हलली, तर दोष पाटाच्या स्क्रूंचा. नुसते पाते हलले, तर खिळ्याचा. बोल्ट असल्यास नट थोडा आवळून वर दुसरा नट बसवतात. फार आवळल्यास पाते दुमडत नाही. खिळा असल्यास ऐरणीवर त्याचे डोके हलके ठोकून पसरवतात. भोक लांबट झाले असेल, तर आवळून उपयोग नसतो. ते मोठे गोल करून जाड बोल्ट घालावा लागतो.