गृहभेटीतील बालशुश्रूषा (डहाणू-तलासरी)

नवजात व लहान बालकांची घरी जाऊन केलेली आरोग्य-देखरेख आणि पालकांना दिलेले मार्गदर्शन. डहाणू तालुक्यात याची पूर्वपीठिका ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीस स्थापलेल्या, पुढे कोसबाडला हलविलेल्या ग्राम बाल शिक्षा केंद्रात आढळते. तेथे शिक्षणाबरोबर बालकांच्या स्वच्छतेकडेही लक्ष दिले जाई (पहा : वाघ, अनुताई). सध्या रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे आशा कार्यकर्ती 3, 7, 14, 21, 28 व 42 व्या दिवशी जाते. प्रसूती घरी झाल्यास पहिल्या दिवशीही. वजन, तापमान, नाळ व स्तनपान पाहिले जाते. पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान, हा मुख्य सल्ला. 6 ते 59 महिन्यांच्या बालकाचा दंडघेर 11.5 सेंमी.हून कमी असल्यास ते तीव्र कुपोषित ठरते (पहा : कुपोषण). पावसाळ्यानंतर मजुरीसाठी होणाऱ्या स्थलांतरामुळे हा पाठपुरावा खंडित होतो.