पोलादी टोपाचा धनी

छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, येथून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता गंगापूर तालुक्यांतून जातो आणि कायगांव टोक्यापाशीं गोदावरी ओलांडतो. १९४७ पूर्वीं नदीच्या उत्तरेस निजामाचें राज्य होतें आणि दक्षिणेस इंग्रजांचा मुलूख. रस्त्याच्या दोन्ही टोकांना मात्र लष्कराच्या छावण्या होत्या. दोन्ही महायुद्धांत दख्खनच्या या भागांतून माणसें दूरदूरच्या रणांगणांवर गेलीं. लष्करी परंपरेच्या घरांतून त्यांचीं पदकें सांपडतात, नोकरीचा दाखला सांपडतो, पट्ट्या गुंडाळून उभ्या असलेल्या शिपायाची तसबीर सांपडते. पोलादी टोप मात्र क्वचितच सांपडतो. आधुनिक युद्धांतील शिरस्त्राणें जमविणाऱ्याला हें कोडें आरंभींच पडतें, आणि तें सोडवूं गेल्यास त्या टोपाचा बहुतेक इतिहास उलगडतो.

बंदुकीपुढें टोप-बख्तराचा टिकाव लागेना, तेव्हां तीं केव्हांच शस्त्रागारांतून निघालीं आणि पुढें संग्रहालयांच्या कपाटांत जाऊन बसलीं. १९१४ च्या ऑगस्टमध्यें महायुद्ध पेटलें त्या वेळीं फ्रेंच आणि इंग्रज शिपायाच्या डोक्यावर साधी टोपी होती, जर्मनाच्या डोक्यावर चामड्याचा अणकुचीदार टोप होता आणि हिंदी शिपायाच्या डोक्यावर फेटा. लवकरच सैन्यें खंदकांत उतरलीं. खंदक अंगाला आडोसा देई. परंतु वरून फुटणाऱ्या तोफगोळ्यांचे तुकडे नेमके डोक्यावरच येत. मुंबईच्या ज्या वास्तूंत आज जुनीं बख्तरें पाहावयास मिळतात, ती प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाची इमारत त्या युद्धांत लष्करी रुग्णालय म्हणून वापरली जात होती, आणि संग्रहालय म्हणून ती उघडली १९२२ सालीं. टोप-बख्तरांसाठीं बांधलेल्या घरांत आधीं जखमी माणसें आलीं, हा योगायोग विलक्षणच म्हटला पाहिजे.

ऑग्युस्त-लुई आद्रियां हा फ्रेंच सैन्याच्या पुरवठा खात्यांतील अधिकारी. टोपीखालीं जेवणाचें धातूचें भांडें घातल्यामुळें वांचलेला एक जखमी शिपाई त्याला भेटला, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, १९१५ सालीं त्याच्या नांवाचा टोप फ्रेंच सैन्यांत आला. त्याच्या माथ्यावर अग्निशामकांच्या टोपासारखा तुरा होता. त्याच वर्षीं जॉन ब्रॉडी यानें इंग्रजांसाठीं एकाच पत्र्यांतून दाबून काढलेला, उपड्या परातीसारखा पसरट टोप केला. त्याला मँगेनीजयुक्त पोलाद लावल्यावर तो चांगलाच चिवट झाला. जर्मनांचा टोप १९१६ च्या आरंभीं व्हर्दूनच्या रणांत उतरला. श्वेर्ड नांवाच्या हॅनोव्हरच्या अध्यापकानें तो आंखला होता, आणि त्यांत कान व मान दोन्ही झांकलीं जात.

संग्राहकाची दृष्टि येथून पुढें बारीक होते. ब्रॉडीच्या पहिल्या टोपांची कड उघडी व धारदार होती. पुढें तिच्यावर पट्टी मढविण्यांत आली. गुळगुळीत रंगावर ऊन चमके, म्हणून नंतर रंगांत रेती किंवा भुसा मिसळून पृष्ठभाग खरबरीत करण्यांत आला. जर्मन टोपाच्या दोन्ही बाजूंस शिंगांसारखे जे दोन उंचवटे दिसतात, ते शोभेसाठीं नव्हेत. कपाळावर जादा जाड पत्रा अडकविण्याची ती सोय होती, आणि त्यांतून हवाहि खेळे. १९४१ सालचा अमेरिकन टोप दुहेरी आहे: आंत हलकी टोपी, वर पोलादी कवच. पट्टा, अस्तर, आंतील शिक्का हीं सर्व एकाच काळाचीं आहेत कीं निरनिराळ्या तुकड्यांची जुळवाजुळव केली आहे, हें ज्याला ओळखतां येत नाहीं, त्याची फसगत ठरलेली. जर्मन टोपांवर नव्यानें खुणा चिकटवून ते महागड्या भावानें विकणारे पुष्कळ आहेत. दुसरा शत्रु संग्राहक स्वतःच. हौसेनें गंज घांसून टोप लखलखीत केला, कीं त्यावरचा मूळचा रंग गेला आणि त्याबरोबर त्याची साक्षहि गेली.

परंतु या साऱ्या परीक्षेंत एक प्रश्न अनुत्तरित राहतो: हा टोप कोणाचा? प्रारंभीं ब्रॉडीचे टोप इतके थोडे होते कीं ते शिपायाला दिलेच जात नसत. ते खंदकाच्या सामानांत जमा असत. एक तुकडी मागें हटे, तेव्हां ते तेथेंच ठेवून जाई. नवी तुकडी येऊन तेच डोक्यावर चढवी. टोपाला धनी नव्हता, असलाच तर तो खंदक होता. पुढें तो प्रत्येकाला मिळूं लागला, तरी माल सरकारीच. नोकरी संपली कीं परत करावयाचा. पदक शिपायाचें, टोप सरकारचा. दख्खनच्या घरांत तो न सांपडण्याचें पहिलें कारण हें.

दुसरें कारण अधिक कडू आहे. १९१६ च्या एप्रिलमध्यें सेंट एलॉय येथें इंग्रजांनीं हे टोप प्रथम मोठ्या लढाईंत वापरले. त्याच महिन्याच्या २९ तारखेस मेसोपोटेमियांत कूत येथें उपासमारीनें गांजलेली फौज तुर्कांना शरण गेली. या फौजेंत पुणें डिव्हिजन होती. १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. त्यांच्या डोक्यावर पोलाद कधीं आलेंच नाहीं. जें दिलेंच नाहीं तें जपून ठेवणार काय? त्याच वर्षीं १४ जुलैच्या संध्याकाळीं फ्रान्समधील हायवुड येथें २० व्या डेक्कन हॉर्सनें उभ्या पिकांतून भाले सरसावून हल्ला चढविला. ही पलटण मूळची हैदराबाद कंटिंजंटची, ज्या सैन्याची एक छावणी औरंगाबादेस होती.

दुसऱ्या महायुद्धांत मराठा पलटणींना पोलादी टोप मिळाले. ९ एप्रिल १९४५ रोजीं इटलींत सेनियो नदीवर नगर जिल्ह्यांतील नामदेव जाधव यांनीं दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक पाण्यांतून व सुरुंगांतून सुरक्षित आणलें आणि मग एकट्यानें तीन मशीनगनचे मोर्चे बंद पाडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या पराक्रमाच्या वर्णनांत बंदूक आहे, हातबाँब आहेत. टोपाकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं, आणि तें स्वाभाविकहि होतें.

युद्ध संपल्यावर जर्मनींत टोपांचीं पातेलीं व चाळण्या करण्यांत आल्या. लोखंडाची ही गत वाईट म्हणतां येणार नाहीं. उलट आतां हिंदुस्थानांत शंभर वर्षांपूर्वींच्या ऐतिहासिक वस्तु १९७२ च्या पुरातन वस्तु कायद्याखालीं येतात, आणि खाजगी माणसाला त्या परदेशीं पाठवितां येत नाहींत. म्हणजे पहिल्या महायुद्धांतील टोपहि त्या वयाला पोंचले.

हायवुडच्या आसपासच्या शेतांत नांगराच्या फाळाला अजूनहि लढाईचें लोखंड लागतें. गंजून चाळण झालेला टोपसुद्धां इंग्रजी कीं जर्मन, हें आकारावरून लांबूनच ओळखूं येतें. शिपाई आपलें नांव लिहीत, तें बहुधा आंतल्या चामड्याच्या अस्तरावर. आणि मातींत सर्वांत आधीं कुजतें तें चामडें.