कोटितीर्थात बुडालेलं ऊन

मराठी चित्रकलेत उन्हाचा माग काढत गेलं, की आपण कोल्हापूरच्या कोटितीर्थ तलावापाशी पोचतो. आबालाल रहिमान तिथे राहायचे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकताना 1888 साली त्यांना व्हाइसरॉयचं सुवर्णपदक मिळालं. या पदकावर मुंबईत श्रीमंतांची व्यक्तिचित्रं काढत बस्तान बसवता आलं असतं. आबालाल कोल्हापूरला परतले. पुढे शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला.

जे. जे.चं शिक्षण घोटीव, रेखीव चित्राचं. आबालालांची नंतरची निसर्गचित्रं मात्र तुटक फटकाऱ्यांची आहेत. रंकाळा, संध्यामठ, झाडं, पाणी. त्यातलं एखादं फोनवर झूम करून बघा: नुसते रंगाचे ठिपके दिसतील. चित्र पुन्हा लहान करा, त्याच ठिपक्यांचं ऊन होतं.

म्हणून त्यांना इम्प्रेशनिस्ट म्हणतात. पॅरिसमध्ये या मंडळींचं पहिलं प्रदर्शन 1874 साली भरलं. 1890-91 मध्ये मोने गवताच्या त्याच गंजी वेगवेगळ्या उजेडात रंगवत होता. आबालाल युरोपला कधी गेले नाहीत. त्यांना ‘आपला मोने’ म्हटलं की मला खटकतं. प्रश्न एकच असला तरी ऊन एक नव्हतं. मी वर्ध्याचा. आमच्याकडे एप्रिलच्या दुपारी काळ्या रानावर ऊन असं चढतं की सगळे रंग पांढरे पडतात. अशा मुलखात रंग टिपायचा तर सकाळ-संध्याकाळची उन्हं धरावी लागतात. हे पॅरिसहून शिकावं लागत नाही.

1922 साली शाहू महाराज गेले. त्या दुःखात आबालालांनी आपली पुष्कळ चित्रं कोटितीर्थात बुडवली, असं कोल्हापुरात सांगतात. मोनेनेही 1908 साली प्रदर्शनाच्या तोंडावर आपली निदान पंधरा चित्रं नष्ट केली होती. पण ती मनासारखी उतरली नाहीत म्हणून. विकणारा दलाल आणि घेणारं गिऱ्हाईक त्याच्या पाठीशी होतंच. आबालालांच्या झाडापाण्याला बाजार नव्हता. कदर करणारा एक राजा होता, तोही गेला.

1931 साली आबालाल वारले. त्यांची उरलेली काही चित्रं आज कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये आहेत. एका माणसाच्या आश्रयावर तगलेली कला त्या माणसाबरोबर किती सहज बुडू शकते, हे त्यांच्यासमोर उभं राहिलं की कळतं. अंबाबाईच्या दर्शनाला जाल तेव्हा एक तास तिकडेही द्या. बघणारे वाढले, तरच उरलेलं टिकेल.