‘श्यामची आई’चें राष्ट्रपति सुवर्णपदक : एक कालनिर्णय

(१) प्रश्नाचें स्वरूप

आचार्य प्रल्हाद केशव अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ ह्या बोलपटास भारत सरकारचें पहिलें राष्ट्रपति सुवर्णपदक मिळालें, ही गोष्ट महाराष्ट्रांत सर्वविश्रुत आहे. तें कोणत्या सालीं मिळालें, असें विचारिलें असतां मात्र दोन उत्तरें येतात. कोणी सन १९५३ सांगतात, कोणी १९५४. दोन्ही सालें छापील मजकुरांत आढळतात आणि एकाच लेखांत दोन्ही आल्याचीं उदाहरणेंहि दुर्मिळ नाहींत.

जुन्या कागदांच्या अभ्यासकांस हा प्रकार अपरिचित नाहीं. दानाचा संकल्प एका तिथीस सुटावा आणि ताम्रपट कांहीं काळानें कोरला जावा; किंवा एकाच पत्रावर सुहूर सन, शालिवाहन शक व राज्याभिषेक शक यांपैकीं दोन गणना असाव्या आणि वाचणारानें त्यांचा मेळ न घालतां एकच उचलावी, म्हणजे जो घोटाळा होतो, तोच येथें झाला आहे. चित्रपट हा विषय आमच्या नित्याच्या क्षेत्राबाहेरचा वाटेल. परंतु त्या धंद्याच्या पुरस्कारांचीं पदकें, प्रशस्तिपत्रें व कार्यक्रमपत्रिका आतां सत्तर वर्षांच्या झाल्या असून संग्राहकांच्या दप्तरांत शिरूं लागल्या आहेत. त्यांवर चुकीचें साल एकदां चढलें, कीं तें उतरविणें कठीण. म्हणून हा कालनिर्णय येथें करूं इच्छितों.

(२) पूर्वपीठिका

सरकारी पदक निर्माण होण्यापूर्वींहि येथील चित्रपटांस सन्मान मिळाले होते. प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ (१९३६) सन १९३७ मध्यें इटलींतील व्हेनिस येथील प्रदर्शनांत गौरविला गेला, व चेतन आनंद यांच्या ‘नीचा नगर’ला सन १९४६ मध्यें फ्रान्समधील कान येथें मोठें पारितोषिक मिळालें. हे सन्मान परदेशचे होते. देशांतील सर्व भाषांच्या चित्रपटांची एकत्र परीक्षा करून सरकारनें पदक देण्याची रीत मात्र स्वातंत्र्यानंतरची आहे.

सन १९४९ मध्यें भारत सरकारनें स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालीं चित्रपटधंद्याच्या चौकशीसाठीं समिति नेमली. व्ही. शांताराम व कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सचे बी. एन. सरकार हे तिचे सभासद होते. तिचा अहवाल १९५१ मध्यें निघाला. त्याच सालीं निरनिराळ्या प्रांतांतील परिनिरीक्षण मंडळांच्या जागीं एक केंद्रीय मंडळ आलें आणि १९५२ मध्यें नवा चित्रपट कायदा झाला. प्रस्तुत प्रश्नास ह्या फेरफाराचें महत्त्व विशेष आहे. चित्रपट प्रमाणित केव्हां झाला हें आतां देशभर एकाच मंडळाच्या दाखल्यावरून ठरूं लागलें, आणि पुरस्कारांची कालगणना ह्याच दाखल्यावर उभी राहिली. त्या वेळीं माहिती व नभोवाणी हें खातें डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे होतें.

(३) पहिल्या वर्षाचा निकाल

पहिल्या वर्षीं १ जानेवारी ते ३१ डिसेंबर १९५३ ह्या मुदतींत प्रमाणित झालेले चित्रपट विचारांत घेतले गेले. ‘श्यामची आई’ ६ मार्च १९५३ रोजीं प्रदर्शित झाला होता. साने गुरुजींनीं नाशिकच्या तुरुंगांत १९३३ मध्यें लिहिलेल्या पुस्तकावरून अत्र्यांनींच पटकथा रचली, दिग्दर्शन केलें व निर्मितीहि केली. आईचें काम वनमाला यांनीं, श्यामचें माधव वझे यांनीं केलें. संगीत वसंत देसाई यांचें. गुरुजी १९५० मध्येंच निवर्तल्यामुळें हा गौरव त्यांच्या दृष्टीस पडला नाहीं. पारितोषिक वितरणाचा समारंभ १० ऑक्टोबर १९५४ रोजीं दिल्लीस झाला.

त्या वर्षींचा मुख्य निकाल येणेंप्रमाणें : उत्कृष्ट चित्रपटाचें सुवर्णपदक ‘श्यामची आई’स, प्रशस्तिपत्रें बिमल रॉय यांच्या ‘दो बीघा जमीन’ ह्या हिंदी व ‘भगवान श्रीकृष्ण चैतन्य’ ह्या बंगाली चित्रपटांस. अनुबोधपटाचें सुवर्णपदक फिल्म्स डिव्हिजनच्या ‘महाबलिपुरम्’ला मिळालें. पल्लवांच्या शिल्पांवरील पटानें पहिल्याच वर्षीं हा मान मिळवावा, ही गोष्ट आमच्या वाचकांस आनंद देईल. मुलांच्या चित्रपटासाठीं पंतप्रधानांच्या नांवें ठेविलेलें सुवर्णपदक त्या वर्षीं कोणासहि दिलें नाहीं. ‘खेलाघर’ ह्या बंगाली चित्रपटास प्रशस्तिपत्र देण्यांत आलें.

ह्यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, ‘श्यामची आई’ला मिळालेलें पदक ‘उत्कृष्ट मराठी चित्रपटा’चें नव्हे. भाषावार पदकें पहिल्या वर्षीं नव्हतींच. तीं दुसऱ्या वर्षापासून सुरूं झालीं. हा चित्रपट सर्व भाषांच्या स्पर्धेंत पहिला आला. दुसरी, १९५३ हें साल परीक्षित चित्रपटांचें आणि १९५४ हें समारंभाचें. दोन्ही सालें खरीं आहेत, पण तीं दोन निरनिराळ्या घटनांचीं आहेत.

(४) कोणतें साल ग्राह्य धरावें

सूचींत एकच साल द्यावयाचें झाल्यास तें चित्रपटांचें, म्हणजे १९५३, द्यावें असें आमचें मत आहे. समारंभाचें साल धरल्यास काय होतें तें अत्र्यांच्याच दुसऱ्या चित्रपटावरून दिसेल. त्यांचा ‘महात्मा फुले’ सन १९५४ चा. दुसऱ्या वर्षींच्या पुरस्कारांत त्यास मराठीसाठीं राष्ट्रपतींचें रौप्यपदक मिळालें. अखिल भारतीय सुवर्णपदक त्या वेळीं सोहराब मोदी यांच्या ‘मिर्झा गालिब’कडे गेलें. हा समारंभ १९५५ च्या डिसेंबरांत झाला. आतां एखाद्या लेखकानें ‘श्यामची आई’ला समारंभाचें साल लाविलें आणि ‘महात्मा फुले’स चित्रपटाचें, तर दोन्ही चित्रपट १९५४ खालीं येतात. मग अत्र्यांनीं एकाच सालीं सोनें व रूपें मिळविलें, इतकेंच नव्हे तर त्यांचा एक चित्रपट त्यांच्याच दुसऱ्याशीं स्पर्धेंत होता, असा भलताच इतिहास तयार होतो.

चित्रपटांचें साल धरल्यास एक सोपा नियमहि हातीं लागतो. पुरस्कारांच्या अनुक्रमांकांत १९५२ मिळवावे, म्हणजे साल येतें. पहिले पुरस्कार १९५३ चे, ‘पथेर पांचाली’स सुवर्णपदक देणारे तिसरे १९५५ चे, शांतारामांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ला तें देणारे पांचवे १९५७ चे. पुढें समारंभ कितीहि लांबला तरी हा हिशेब मोडलेला नाहीं. सत्तरावे पुरस्कार २०२२ च्या चित्रपटांचे होते, मात्र समारंभ २०२४ मध्यें झाला.

येथें एक सूक्ष्म भेद लक्षांत ठेविला पाहिजे. हें साल प्रमाणपत्राचें आहे. चित्रगृहांत प्रदर्शित होण्याचें असेलच असें नाहीं. ‘श्यामची आई’नंतर सर्वोच्च पदक मिळविणारा मराठी चित्रपट ‘श्वास’. हे एकावन्नावे पुरस्कार, म्हणजे साल २००३; पण चित्रपट लोकांपुढें आला २००४ मध्यें व समारंभ झाला २००५ मध्यें. एकाच सन्मानाचीं तीन सालें!

(५) ‘स्टेट’ शब्दाचा घोटाळा

आरंभीं ह्या पुरस्कारांचें इंग्रजी नांव ‘स्टेट अवॉर्ड्‌स फॉर फिल्म्स’ असें होतें. येथें ‘स्टेट’ म्हणजे राज्यसंस्था, अर्थात् भारत सरकार. घटक राज्य नव्हे. ‘राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार’ हें नांव मागाहून रूढ झालें. महाराष्ट्र राज्य १९६० मध्यें स्थापन झालें व त्यानंतर त्या शासनाचेहि चित्रपट पुरस्कार सुरूं झाले. सबब १९५४-५५ च्या एखाद्या जाहिरातींत ‘स्टेट अवॉर्ड’ असे शब्द दिसल्यास तो महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार समजूं नये. त्या वेळीं तें राज्यच नव्हतें.

तसेंच, नटनटींस व्यक्तिशः देण्याचे सरकारी पुरस्कार पंधराव्या वर्षापासून, म्हणजे १९६७ च्या चित्रपटांपासून आहेत. पहिले मानकरी उत्तमकुमार व नर्गिस. त्यापूर्वींच्या एखाद्या नटाच्या नांवें अभिनयाचें राष्ट्रीय पारितोषिक दाखविणारा कागद पुढें आला, तर त्याची परीक्षा कसून करावी.

(६) खासगी पुरस्कारांची निराळी गणना

सरकारी समारंभापूर्वीं सुमारें सात महिने, २१ मार्च १९५४ रोजीं, ‘फिल्मफेअर’ ह्या इंग्रजी नियतकालिकानें मुंबईंत मेट्रो चित्रगृहांत आपले पहिले पुरस्कार वांटले. समीक्षिका क्लेअर मेंडोन्सा यांच्या नांवावरून त्यांस आरंभीं ‘क्लेअर’ म्हणत. विभाग पांचच होते. उत्कृष्ट चित्रपट ‘दो बीघा जमीन’ व दिग्दर्शक बिमल रॉय ठरले. परंतु दिलीपकुमार यांस ‘दाग’साठीं, मीनाकुमारी व संगीतकार नौशाद यांस ‘बैजू बावरा’साठीं गौरविलें गेलें आणि हे दोन्ही चित्रपट १९५२ चे! सरकारी पुरस्कारांचा नियम ह्या पहिल्या खासगी पुरस्कारांस लावितां येत नाहीं. प्रत्येक दप्तराची गणना त्या दप्तरावरूनच ठरवावी, हें जुनें सूत्र येथेंहि खरें ठरतें.

ह्या पुरस्काराची प्रसिद्ध स्त्रीमूर्ति ना. ग. पानसरे ह्या मराठी शिल्पकारांनीं, टाइम्सचे कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर यांच्या देखरेखीखालीं घडविली. मुंबईंतील न्यू इंडिया अॅश्युरन्सच्या इमारतीवरील भव्य शिल्पें पाहिलेल्यांस ह्या कारागिराचा हात ओळखीचा वाटेल.

(७) संग्राहकांस विनंति

चित्रपटाची फीत नाशवंत आहे. पुण्यांत २००३ मध्यें लागलेल्या आगींत जुन्या नायट्रेट फितींचा मोठा ठेवा भस्मसात् झाला. फीत गेल्यावर त्या चित्रपटाचा मान सांगणारा कागद हाच पुरावा उरतो, आणि तोहि गहाळ होतो. ‘संत तुकाराम’चें व्हेनिसचें मानपत्र असेंच नाहींसें झालें होतें, तें एका छायालेखकाच्या हातीं लागून २००४ मध्यें पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत पोंचलें. तें रद्दींत गेलें असतें तर महाराष्ट्राच्या एका मोठ्या सन्मानाचें मूळ साधन कायमचें बुडालें असतें.

म्हणून ज्यांच्या संग्रहीं पदकें, प्रशस्तिपत्रें, समारंभाच्या निमंत्रणपत्रिका, चित्रगृहांत विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका अथवा जाहिराती असतील, त्यांनीं प्रत्येक वस्तूच्या टांचणांत चार गोष्टी निरनिराळ्या नोंदवाव्या : प्रमाणपत्राची तारीख, प्रदर्शनाची तारीख, समारंभाची तारीख व पुरस्काराचा अनुक्रमांक. जी ठाऊक नसेल तिची जागा रिकामी सोडावी. दुसरीवरून ती भरूं नये. ‘पदक मिळालेला’ असा शिक्का मारून पुस्तिका पुन्हां छापल्या जात. सबब पुस्तिकेवरील चित्रपटाचें साल हें त्या प्रतीच्या छपाईचें साल मानूं नये.

‘श्यामची आई’पुरता निर्णय असा : प्रमाणित व प्रदर्शित सन १९५३, पुरस्कार पहिला, १९५३ च्या चित्रपटांचा, पदकदान ता. १० ऑक्टोबर १९५४, दिल्ली. इतःपर ह्या पदकाचा उल्लेख करितांना दोन्ही सालें आपापल्या जागीं यावींत, एवढेंच आमचें मागणें आहे.