ब्लँडा, जॉर्ज फ्रेडरिक

(१७ सप्टेंबर १९२७ – २७ सप्टेंबर २०१०). व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्ये सर्वाधिक म्हणजे २६ हंगाम खेळलेले अमेरिकन खेळाडू. त्यांचा जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील यंगवुड येथे एका स्लोव्हाक वंशाच्या खाणकामगाराच्या घरी झाला. केंटकी विद्यापीठाच्या संघातून खेळून १९४९ मध्ये ते शिकागो बेअर्स या संघात दाखल झाले. आक्रमणाची सूत्रे हाती घेऊन चेंडू फेकणारा ‘क्वार्टरबॅक’ आणि सहकाऱ्याने जमिनीवर टेकवून धरलेला चेंडू लाथेने गोलखांबांमधून पलीकडे धाडणारा ‘प्लेसकिकर’ या दोन्ही भूमिका ते करीत. त्यांच्या दीर्घ कारकीर्दीचे मर्म या दुहेरी कौशल्यातच शोधावे लागते, कारण क्वार्टरबॅकला सोसाव्या लागणाऱ्या धडका प्लेसकिकरच्या वाट्याला क्वचितच येतात.

बेअर्सने त्यांचा उपयोग पुढे मुख्यतः किकर म्हणूनच केल्याने १९५९ चा हंगाम त्यांनी खेळाबाहेर काढला. मात्र १९६० मध्ये अमेरिकन फुटबॉल लीग ही प्रतिस्पर्धी स्पर्धा सुरू होताच ते ह्यूस्टन ऑइलर्सचे क्वार्टरबॅक झाले आणि संघाने पहिली दोन्ही विजेतेपदे पटकावली. १९६१ मध्ये त्यांच्या फेकींवर ३६ टचडाउन (प्रतिपक्षाच्या अंतिम क्षेत्रात चेंडू नेऊन मिळणारे सहा गुण) झाले, तर पुढच्याच वर्षी त्यांच्या ४२ फेकी प्रतिपक्षाने मधल्यामध्ये झेलल्या. हा नकोसा विक्रम आजही त्यांच्याच नावावर असून, बेधडक फेकण्याच्या त्यांच्या वृत्तीची ती दुसरी बाजू म्हणता येईल.

१९६७ पासून ते ओकलंड रेडर्सकडे होते. १९७० मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, त्यांनी लागोपाठच्या पाच सामन्यांत आपल्या फेकींनी किंवा लाथेने संघाला चार विजय व एक बरोबरी मिळवून दिली. त्यांपैकी क्लीव्हलंडविरुद्ध अखेरच्या क्षणी ५२ यार्डांवरून केलेला फील्ड गोल (लाथेने मिळणारे तीन गुण) विशेष गाजला. ४ जानेवारी १९७६ रोजी अखेरचा सामना खेळले तेव्हा ते ४८ वर्षांचे होते. १९८१ मध्ये प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला.

३४० सामने आणि २,००२ गुण हे त्यांचे उच्चांक पुढे मोडले गेले. गुणांचा उच्चांक गॅरी अँडरसन यांनी २००० मध्ये, तर सामन्यांचा मॉर्टन अँडरसन यांनी २००४ मध्ये ओलांडला. हे दोघेही केवळ किकर होते.