क्वीन : माणसं गेली, नाव राहिलं

श्रावणात अकोल्याला गेलो होतो. जुन्या शहरात, राजेश्वराच्या देवळाजवळ शाळेतला एक मित्र भेटला. माझ्या कानात इयरफोन, त्यात क्वीन. त्याने एक काढून स्वतःच्या कानात घातला आणि म्हणाला, "हे कोन गाऊन रायलं? फ्रेडी त मेला ना बाप्पा!"

गाणारा अ‍ॅडम लॅम्बर्ट होता. मग वाद पेटलाच. फ्रेडी नाही तर ते क्वीन कसलं?

आता थोडा इतिहास. फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारूख बलसारा, १९४६ साली झांजिबारला जन्मलेला पारशी मुलगा. शिकला मात्र आपल्या पाचगणीत, सेंट पीटर्समध्ये. तिथे १९५८ च्या सुमारास पाच पोरांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. गंमत म्हणजे मुख्य गायक होता ब्रूस मरे. आपला फारूख पियानोवर!

१९६४ मध्ये झांजिबारात क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब इंग्लंडला गेलं. तिकडे १९६८ साली ब्रायन मे, रॉजर टेलर आणि टिम स्टॅफेल यांचा 'स्माइल' नावाचा बँड सुरू झाला. स्टॅफेल हा फ्रेडीचा आर्ट कॉलेजातला दोस्त. १९७० मध्ये तो सोडून गेला, त्याच्या जागी फ्रेडी आला आणि नाव झालं क्वीन. म्हणजे बघा, फ्रेडीसुद्धा बदलीच होता!

पुढची अडचण बेस गिटारची. माइक ग्रोस, बॅरी मिचेल, डग बोगी... वर्षभराच्या आत तिघं आले आणि गेले. आपल्या प्रोजेक्टवर टेस्टर टिकत नाहीत ना, तसंच :-) शेवटी १९७१ मध्ये जॉन डीकन आला. हा चक्क इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी. कचऱ्यात सापडलेल्या सर्किटपासून त्याने एक छोटा अँप्लिफायर बनवला आणि तो क्वीनच्या रेकॉर्डिंगमध्ये वापरलाही गेला. ब्रायनने तर स्वतःची गिटार वडिलांबरोबर घरीच बनवली होती, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून. इंजिनियर लोकांनी या बँडच्या प्रेमात पडू नये तर काय करावं?

तेव्हापासून १९९१ पर्यंत, तब्बल वीस वर्षं, हेच चौघं. १९७५ ची 'बोहेमियन राप्सडी', १९८५ चा वेम्बलीवरचा लाइव्ह एड, सगळं याच काळातलं. २४ नोव्हेंबर १९९१ ला फ्रेडी एड्सने गेला. १९९७ नंतर डीकननेही संगीत सोडलं.

उरले दोघं. २००४ ते २००९ पॉल रॉजर्स त्यांच्याबरोबर गायला, नंतर लॅम्बर्ट आला. पण पाटीवर नाव काय? 'क्वीन + पॉल रॉजर्स', 'क्वीन + अ‍ॅडम लॅम्बर्ट'. ते अधिक चिन्ह मला फार प्रामाणिक वाटतं. नवा माणूस फ्रेडीच्या जागेवर बसत नाही, शेजारी उभा राहतो.

हे सगळं मित्राला ऐकवलं. त्याने शांतपणे विचारलं, "मंग तू यंदा कावडीले येऊन रायला का?"

कॉलेजात असताना मी दरवर्षी जायचो. गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरायचं आणि रात्रभर कावड खांद्यावर घेऊन राजेश्वराला आणायची. पुण्याला नोकरी लागली आणि सुटलं. मी म्हणालो, "माझी जागा आहे का अजून?"

"तुही जागा केव्हाचीच भरली. माह्या लहान भाऊ असते तिथं."

खरं सांगतो, जरा लागलं. मी नसताना कावड अडली असेल, असं कुठेतरी वाटत होतं. ती दरवर्षी वेळेवर देवळात पोचत होती.

"पन ये," तो म्हणाला. "खांदा बदलाले मानूस लागतेच."

शेवटच्या सोमवारची रजा टाकली आहे. आमच्या मंडळाची कावड, अधिक मी.