‘हलू नकोस’ ते ‘हलत राहा’ : दुखापतीतून सावरण्याच्या विचाराचा इतिहास

पाय मुरगळला की आपल्याकडे घरोघरी एकच क्रम असतो. आंबेहळद-तुरटीचा लेप, वर पट्टी आणि ‘हलू नकोस’ अशी ताकीद. या ताकिदीमागे एक विचार आहे : दुखावलेला भाग स्वस्थ ठेवला की बरा होतो. तो विचार पूर्ण खोटा नाही. पण खेळाडूंच्या दुखापतींनी तो कसा बदलायला लावला, ते आज आपण पाहू. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, वैद्यक नव्हे. म्हणून आपला प्रश्न असा की, हा बदल कुणाच्या ज्ञानातून झाला?

पहिला प्रसंग दुसऱ्या महायुद्धातला. शिकागोच्या लष्करी रुग्णालयात गुडघ्याच्या दुखापतीचे सैनिक पडून होते. हलके व्यायाम खूप वेळा करायचे, अशी तेव्हाची रीत. तिथे थॉमस डिलॉर्म नावाचे तरुण डॉक्टर होते. लहानपणी त्यांना संधिवाताचा ताप आला होता, श्रम टाळा असं सांगितलं गेलं होतं. आणि ते वजनं उचलून बळकट झाले होते. त्यांनी सैनिकांना जड वजन दिलं, हळूहळू वाढवत नेलं. सुकलेल्या मांड्या भरू लागल्या. १९४५ मध्ये त्यांचा लेख आला. आज फिजिओथेरपिस्ट वजन वाढवत नेतात, त्याचं एक मूळ इथे आहे.

दुसरा प्रसंग अधिक गमतीचा आहे. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटला की शस्त्रक्रियेनंतर पाय दीर्घकाळ जखडून ठेवत. नवा बंध तुटेल ही भीती. अमेरिकेतले शल्यविशारद डोनाल्ड शेलबर्न यांच्या लक्षात आलं की, जे रुग्ण सांगितलेलं पाळत नाहीत, लवकर पाय टेकतात, ते उलट चांगले बरे होतात! त्यांना रागावण्याऐवजी शेलबर्न यांनी त्यांच्याकडून शिकायचं ठरवलं. १९९० मध्ये त्यांनी सहकाऱ्यासह नवी पद्धत मांडली : गुडघा पहिल्यापासून पूर्ण सरळ करा, झेपेल तेवढा भार द्या.

तिसरे, स्वीडनचे हाकन आल्फ्रेडसन. हे स्वतः अस्थिशल्यविशारद, टाचेमागची कंडरा दुखायची. शस्त्रक्रियेला वरिष्ठांनी नकार दिला. मग कंडरा तुटूच दे, म्हणजे करावीच लागेल, असं म्हणून त्यांनी तिच्यावर जोरदार भार टाकला. तुटायचं सोडाच, दुखणं थांबलं! १९९८ मध्ये १५ हौशी धावपटूंवर त्यांनी १२ आठवडे हाच व्यायाम करून पाहिला. पंधराही जण पुन्हा धावू लागले.

आता म्हणजे काय, तर डॉक्टरांचं ऐकू नका? नाही, नाही! इथेच घसरायला होतं. २०१६ मध्ये नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी एसीएलची शस्त्रक्रिया झालेल्या १०६ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मैदानावर परतणं नऊ महिन्यांपर्यंत जितकं लांबवलं, तितका पुन्हा दुखापत होण्याचा धोका कमी झाला. दर महिन्यामागे जवळपास निम्म्याने. म्हणजे हालचाल लवकर, मैदान उशिरा. ‘बरं वाटणं’ आणि ‘बरं होणं’ या दोन गोष्टी आहेत. आपल्याकडे याचा गोंधळ होतो तो नेमका जत्रेतल्या कबड्डी स्पर्धेच्या तोंडावर. सूज उतरली, चालता येतंय, मग चढाईला काय हरकत? आणि तोच गुडघा दुसऱ्यांदा जातो. विशीतल्या मुलाचा खेळ तिथे संपू शकतो.

आपल्या प्रश्नाचं उत्तर असं दिसतं : ज्ञान ना एकट्या डॉक्टरांचं, ना एकट्या रुग्णाचं. शरीर उत्तर देतं. ते ऐकणारा आणि मोजणारा कुणी तरी सोबत लागतो. भार किती, केव्हा वाढवायचा, हे मोजून ठरवणं म्हणजेच फिजिओथेरपी. ‘हलू नकोस’ म्हणणाऱ्या आजीची माया खरीच होती, बरं का. फक्त तिला पुढचं वाक्य जोडायचं राहिलं होतं : ‘उद्यापासून थोडं थोडं हल.’

इथे थांबू. आता प्रश्न घेऊ.